वजनाचा काटा आणि आईची दुसरी फेरी

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, अशी आपल्याकडील रीत आहे. जमाखर्चाची पत्रके याच अहवालाच्या उत्तरार्धात छापली आहेत आणि लेखापरीक्षकांनी ती तपासलेली आहेत. त्यांची उजळणी करून मी आपला वेळ घेणार नाही. त्याऐवजी माझ्या मेजावर वारंवार येणाऱ्या एका प्रश्नाविषयी आज बोलावे, असे मनात आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, हे आपण जाणताच. या सवलतीच्या अर्जावर 'आजाराचे नाव' असा एक रकाना असतो. त्यात कोणी 'न्यूमोनिया' लिहितो, कोणी 'अपेंडिक्स'. बालरुग्ण विभागातून येणाऱ्या अर्जांवर मात्र वर्षानुवर्षे एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत आढळते : 'वजन वाढत नाही.' वैद्यकीय दृष्ट्या हे आजाराचे नाव नव्हे, ते लक्षण होय. परंतु लिहिणाऱ्याच्या घरात त्या वाक्याने किती रात्री खाल्ल्या असतील, याची कल्पना त्या अक्षरावरून येते.

अर्ज घेऊन आलेल्या मंडळींत आई बहुधा गप्प असते. बोलतात ते वडील, किंवा सासूबाई, किंवा शेजारच्या काकू. 'हिला दूधच आले नाही', 'हिला भरवायचा कंटाळा', 'हिच्या माहेरची सगळीच किडकिडीत'. आई खाली मान घालून बाळाच्या टोपड्याची नाडी बांधते आणि सोडते. इंग्रजी वैद्यकशास्त्रातही या स्थितीला दीर्घकाळ 'फेल्युअर टु थ्राइव्ह' म्हणत आले आहेत. त्या नावातच अपयश आहे, आणि ते कोणाचे, हे नावात सांगितलेले नसले तरी ऐकणारी आई ते स्वतःच्या नावावर लिहून मोकळी होते. अलीकडे अनेक बालरोगतज्ज्ञ 'वाढ मंदावणे' असा शब्दप्रयोग करू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. जे सांगणार आहे ते आपल्या डॉक्टरांच्या सहवासात शिकलो, आणि हा मजकूर त्यांच्या नजरेखालून गेला आहे. परंतु हिशेबाची दृष्टी या विषयात अगदीच निरुपयोगी नाही, असे माझे मत होत गेले आहे.

प्रथम काट्याविषयी, कारण काट्याची खरेदी व तपासणी ही माझ्या खात्याची बाब. अंगणवाड्यांतून वर्षानुवर्षे वापरात असलेला टांगता साल्टर काटा १०० ग्रॅमच्या रेघा दाखवतो. झोळीत बाळ हातपाय झाडत असताना काटा दोन रेघांच्या मध्ये डोलतो आणि ताई नजरेने अंदाज करते. आता हे पाहा : पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळाचे वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढते, वर्षाच्या अखेरीस ही वाढ दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे दहा महिन्यांच्या बाळाची पूर्ण आठवड्याची कमाई त्या काट्याच्या एका रेघेएवढीही भरत नाही. त्यात एकदा लोकरी कपड्यांसह वजन केले, एकदा उघड्याने केले. एकदा वाळे, कडदोरा होता, एकदा नव्हता. एकदा दूध पिऊन झाले होते, एकदा व्हायचे होते. एवढ्यावरून 'पाव किलो घटले' असा निकाल निघतो आणि घरात रडारड होते. म्हणून आपल्या विभागात १० ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा ठेवला आहे, त्याची वेळोवेळी तपासणी करून घेतली जाते, आणि बाळाचे वजन दर खेपेस त्याच काट्यावर, कपडे काढून करावे असा दंडक आहे. ज्या पालकांना थंडीत बाळाचे कपडे काढावयास सांगितल्याचा राग येतो, त्यांनी कृपया हे ध्यानी घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की, एका दिवसाच्या शिल्लक रकमेवरून धंदा चालला की बुडाला हे कोणी सांगत नाही. वजनाचेही तसेच. एका ठिपक्याला अर्थ थोडा. तीन-चार ठिपके जोडून जी रेघ होते तिला अर्थ. रेघ खालच्या बाजूने का होईना, पण तक्त्यावरील छापील रेषेच्या समांतर वर जात असेल, आणि आईवडीलही लहान चणीचे असतील, बाळ हसते-खेळते असेल, तर काळजीचे कारण बहुधा नसते. रेघ आडवी झाली किंवा छापील रेषा ओलांडून खाली उतरू लागली, तर मात्र बाळ दिसावयास गुटगुटीत असले तरी विचारपूस करावी. महिना भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर आले तितके वजा करावे लागतात. तसे न करता शेजारच्या बाळाशी तुलना करणे हा त्या बाळावर अन्याय होय. आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटतेच; जन्मवजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ते उतरू शकते व साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. नेमक्या याच दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी 'हिला दूध नाही' असा निर्णय देतात आणि वरचे दूध सुरू होते. वरचे दूध प्यालेले बाळ अंगावर कमी ओढते. ओढणे कमी झाले की दूध कमी तयार होते. मागणी घटली की पुरवठा घटतो, हे आम्हांला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवीत. आईच्या शरीरात तो नियम इतक्या तंतोतंत पाळला जातो, हे मी येथे येऊन शिकलो.

काही पालक विचारतात, हे तक्ते परदेशी मुलांचे, आमच्या मुलांना ते कशाला लावता? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले हे तक्ते १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील मुलांची वजने-उंची मोजून तयार केले आहेत : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. ज्यांना आईचे दूध मिळाले, पुढे पुरेसे अन्न मिळाले, घर स्वच्छ होते, अशीच मुले त्यासाठी निवडली होती. आणि असे आढळले की एवढ्या गोष्टी मिळाल्या तर पाच वर्षांपर्यंत या देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात. तेव्हा 'आमच्याकडची मुले लहानखुरीच' हे उत्तर एका घरापुरते कदाचित खरे असेल, अख्ख्या तालुक्यापुरते ते खरे धरता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे ३६ बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. २०१५-१६ च्या पाहणीतही हा आकडा ३६ च होता. आपल्यासारख्या सधन म्हणविणाऱ्या राज्याचा हा आकडा आहे.

आता वजन न वाढण्याच्या कारणांकडे येतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला ती माझ्याच भाषेत समजावून दिली. आवक कमी असेल, गळती होत असेल, किंवा खर्च अतोनात असेल, तरच शिल्लक वाढत नाही. गळती म्हणजे जुलाब, उलट्या, अन्न आतड्यांत न शोषले जाणे. जुलाब थांबल्यावरही काही दिवस मुलाला एखादा घास जादा द्यावा लागतो, हे आपल्याकडे पाळले जात नाही. उलट 'पोट हलके राहू द्या' म्हणून आठवडाभर पेजेवर ठेवले जाते. खर्च म्हणजे असा आजार, की ज्यात खाल्लेले सारे शरीराच्या धडपडीतच जळून जाते. हृदयाला जन्मतः छिद्र असलेले बाळ दूध पिताना दमते, थांबते, कपाळावर घाम येतो. आई म्हणते, 'पितच नाही'. ते पीत नाही हे खरेच, पण त्याचे कारण आईजवळ नसते. लघवीच्या मार्गातील छुपा जंतुसंसर्ग, घरातील खोकणाऱ्या आजोबांकडून आलेला क्षय, थायरॉईडची उणीव, टाळूतील फट, अशी अनेक कारणे आमच्या डॉक्टरांना शोधावी लागतात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन अशी मुले हुडकतात, आणि त्यांची चिठ्ठी घेऊन आलेल्या पालकांना आपल्याकडे ताटकळत ठेवले जात नाही.

परंतु बहुतांश मुलांत कारण आवकेचेच असते, आणि येथे मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण आवक कमी असणे म्हणजे घरात अन्न नसणे, असा आपला समज असतो. सुस्थितीतील घरांतही ही मुले आहेत. सहा महिन्यांचे बाळ झाले की आपण त्याला काय देतो? वरणाचे पाणी. भाताची निवळ. मुगाचे पाणी. जिन्नस उत्तम, पण ज्यात सत्त्व आहे तो भाग पातेल्याच्या तळाशी राहतो आणि पाणी बाळाच्या वाट्याला येते. बाळाच्या पोटाची धारणाशक्ती दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर. आठ किलोचे बाळ म्हणजे २४० मिलिलिटर, जेमतेम दीड वाटी. एवढ्याशा कोठीत पाणी भरले तर धान्य ठेवायला जागा कुठली? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष उलटल्यावर ५५०. निवळीतून ते कदापि मिळत नाहीत. वरण-भात बोटांनी घट्ट कुस्करावा, चमच्यावरून ओघळणार नाही इतका. त्यावर चहाचा चमचाभर तूप किंवा तेल. त्या एका चमच्यात ४५ उष्मांक असतात. शेंगदाण्याचे बारीक कूट, शिजवून कुस्करलेले अंडे, खिमटीत डाळीचे प्रमाण थोडे अधिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एक मिश्रण सुचविले होते, ते 'हैदराबाद मिक्स' या नावाने प्रसिद्ध आहे : भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा डाळ १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. यातून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. या चारही वस्तू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. त्यांच्या डब्यावर गोबऱ्या गालांच्या बाळाचे चित्र नसते, एवढाच काय तो फरक.

डब्यांचा विषय निघालाच आहे, तर देणगीदारांना एक नम्र विनंती. दिवाळीच्या सुमारास सद्भावनेने दूध-भुकटीचे डबे व बाटल्या देऊ करणारे पुष्कळ येतात, आणि आम्ही त्या नाकारतो तेव्हा त्यांना वाईट वाटते. १९९२ च्या कायद्याने, व २००३ साली झालेल्या त्याच्या दुरुस्तीने, अर्भकांच्या दूध-पर्यायांची व बाटल्यांची जाहिरात करणे, आणि अनाथालयाचा अपवाद वगळता ते कोणास दान म्हणून वाटणे, यांस मनाई आहे. क्वचित एखाद्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावेच लागते. ते रुग्णालय स्वतः विकत घेते व त्याचा हिशेब ठेवते.

एक वर्ष उलटले की वाढ आपोआप संथ होते, भूकही कमी-जास्त होते. नेमक्या याच वयात आपण मुलाच्या मागे वाटी-चमचा घेऊन धावू लागतो. कोणी मांडीत आडवे घालून नाक दाबून भरवतात, कोणी मोबाईलवर गाणी लावून. शहरांत नोकरी करणाऱ्या सुशिक्षित पालकांत दुसरा प्रकार अधिक, एवढेच. त्यातून घास आत जातो खरा, पण मुलाच्या मनात जेवण म्हणजे झटापट, असे बसून जाते आणि वाटी दिसताच ते तोंड फिरवते. आमच्या आहारतज्ज्ञ ताई सांगतात त्या गोष्टी अगदी साध्या. मुलाला घरच्यांच्या पंगतीत बसवावे, त्याची वाटी वेगळी असावी म्हणजे किती गेले ते कळते. अर्ध्या तासात जेवढे खाईल तेवढे, मग उचलावे, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा समोर ठेवावे. मधल्या वेळेत चहा-बिस्किट, पाकिटातले चटपटीत पदार्थ व बाटलीभर दूध बंद. दिवसभर दूधच पिणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला भूक कुठून लागणार? सांडले तर सांडू द्यावे. हे शेवटचे वाक्य आज्यांना फार जड जाते.

याच्या उलट टोकालाही एक धोका आहे. आपल्या गावांत गणेशोत्सवात सुदृढ बालक स्पर्धा भरतात आणि बक्षीस सर्वांत गोलमटोल बाळाला जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून जे संशोधन केले, त्यातून असे दिसले की पुणे परिसरातील खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांहून वजनाने बरीच हलकी, सरासरी २.७ किलोची, परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि मेद मात्र त्या मानाने टिकून असतो. जन्मतः लहान असलेली व आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली मुले पुढे मधुमेहाकडे झुकण्याची चिन्हे अधिक दाखवीत होती. तेव्हा मुलाला कसेही करून फुगवावयाचे, हा उपाय नव्हे. डाळ, अंडे, शेंगदाणे यांनी भरलेली वाटी आणि साखरेचे पाणी यांनी काटा कदाचित सारखाच हलेल. शरीरात जे साठते ते वेगळे असते.

काही खुणा अशा आहेत की ज्या दिसल्यास पुढच्या वजनाची वाट न पाहता बाळाला आणावे. दूध पिताना घाम येणे, ओठ निळसर होणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब किंवा खोकला. सहा महिन्यांपुढील बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरणे. यासाठी अंगणवाडी ताईंकडे रंगीत पट्टी असते आणि तीवरील लाल भाग हीच खूण सांगतो. आणि दोन्ही पायांवर सूज. सुजलेल्या मुलाचे वजन वाढलेले दिसते आणि घरचे निश्चिंत होतात. येथे काटा चक्क खोटे बोलतो. असे अतितीव्र कुपोषित बाळ रुग्णालयात येते, तेव्हा त्याला पोटभर खाऊ घालणे हा उपचार नव्हे, उलट ते धोक्याचे असते. सुरुवातीचे काही दिवस दर दोन तासांनी, मोजून, थोडे थोडे दूध द्यावे लागते. रात्री बारालाही, दोनलाही आणि चारलाही. ती खेप चुकली तर रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते. म्हणजे या बाळाचा जीव यंत्रावर अवलंबून नसतो. तो रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या परिचारिकेवर अवलंबून असतो. यंत्रासाठी देणगी मागितली की ती मिळते. रात्रपाळीच्या वेतनासाठी मागितली, तर देणारे विचारात पडतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज हा विषय निवडला, तिच्याकडे येतो.

आपला तालुका कारखान्यांचा. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत आपल्या शिवारांत राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडीतून फिटते. एकाने काम चुकविले तरी जोडी अडते आणि त्या दिवसाचा 'खाडा' त्यांच्या नावावर पडतो. मजुरी तर बुडतेच, शिवाय अंगावरचे देणे वाढते. पहाटे अंधारात आई फडात जाते. तान्हे मूल उसाच्या पाचटावर चादरीत, किंवा कोपीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. त्या बहिणीने भाकरीचा तुकडा चहात बुडवून भरवावा, एवढेच तिला शक्य असते.

असे एक जोडपे मागील एका हंगामात चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आपल्याकडे आले. मुलीचे वजन ६ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी दाखल करण्यास सांगितले. वडील माझ्या मेजाशी आले ते बिलाच्या सवलतीसाठी आले आहेत, असे मला वाटले. बिल माफच होणार होते. त्यांनी विचारले ते निराळेच : 'साहेब, हिची आई इथं राहिली, तर तिचा खाडा कोण भरणार?' या प्रश्नासाठी आपल्या अर्जात रकाना नाही. निर्धन रुग्ण निधीचा हेतू उपचाराच्या देयकाचा, एस.टी.चे तिकीट आणि बुडालेली मजुरी त्या देयकात कधीच येत नाही. त्या वेळी एका विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून व्यवस्था केली, आई अकरा दिवस राहिली, मुलगी खाऊ लागली, हसू लागली, वजन चारशे ग्रॅमने वाढले. पंधरवड्याने पुन्हा आणण्यास सांगून आम्ही त्यांना घरी पाठविले. पंधरवड्याने ते आले नाहीत. आमच्या परिचारिका त्या शिवारात जाऊन आल्या. टोळी पुढच्या फडावर हलली होती, कोणत्या ते कोणास सांगता आले नाही. मुलीच्या तक्त्यावर त्यानंतर ठिपका नाही.

सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रांत आईला बुडीत मजुरीची भरपाई देण्याची तरतूद आहे आणि घरी गेल्यावर पुन्हा पुन्हा तपासणीस बोलाविण्याचीही. ज्यांनी हे नियम केले त्यांना पहिली फेरी आणि दुसरी फेरी यांतील फरक ठाऊक असला पाहिजे. पहिल्या फेरीस आई घाबरून येते. दुसऱ्या फेरीस ती हिशेब करून येते, किंवा येत नाही. भाडे किती, रोज किती बुडेल, मोठ्या मुलांना कोणाजवळ ठेवायचे, आणि डॉक्टर पुन्हा 'वजन का वाढले नाही?' असे सर्वांसमक्ष विचारतील, ती लाज किती. २०२३ मध्ये एस.टी.ने महिलांना अर्धे तिकीट केले, तेव्हा भाड्याचा भार तेवढा हलका झाला. बाकीचे तिच्याच माथी राहिले. आणि वाढ मंदावलेल्या मुलाचा खरा उपचार तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेरीतच असतो. एका ठिपक्याची रेघ होत नाही, हे मी मघाशी सांगितलेच.

१९७० साली जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. गावातल्या मुलांची वजने करण्याचे काम त्या बाया करू लागल्या. आईला रुग्णालयापर्यंत येणे जमत नसेल तर काटा आईपर्यंत जावा, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातच इतक्या वर्षांपूर्वी राबविली गेली आहे. आपल्याला काही नवे शोधावयाचे नाही.

म्हणून येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तीन बाबी विश्वस्त मंडळापुढे ठेवल्या आहेत. पहिली, मुलासोबत राहणाऱ्या किंवा फेरतपासणीस येणाऱ्या आईचे भाडे व बुडालेला रोज. ऊसतोडीच्या बाबतीत जोडीचा खाडा. दुसरी, बालरुग्ण विभागात रात्रपाळीसाठी आणखी एका परिचारिकेचे वर्षभराचे वेतन. तिसरी, हंगामाच्या काळात पंधरवड्यातून एकदा, संध्याकाळी फड सुटल्यावर, काटा व आहारतज्ज्ञ ताई घेऊन आपली गाडी कोप्यांपर्यंत जाण्याचा खर्च. टोळी हलणार असेल तर मुकादमाचा व नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच वेळी लिहून घेतला जाईल. या तिन्ही बाबींवर संगमरवरी पाटी लावता येत नाही, हे मी जाणून आहे. देणगीदारांना पावती मिळेल, प्राप्तिकर सवलतीचे प्रमाणपत्र मिळेल, आणि इच्छा असल्यास वर्षाअखेर किती आया दुसऱ्या फेरीस आल्या व किती आल्या नाहीत, याचा आकडा मिळेल. जो असेल तो आकडा याच अहवालात छापला जाईल.

आमच्या कर्मचारी वर्गासही एक सूचना दिलेली आहे, ती आपणां सर्वांसमक्ष पुन्हा सांगतो. वजनाच्या खोलीत आईला 'का वाढले नाही?' हा प्रश्न रांगेतल्या इतरांसमोर विचारावयाचा नाही. विचारावयाचे ते असे : 'काल सकाळपासून बाळाने काय काय खाल्ले, सांगा पाहू.' आणि शक्य असेल तेथे वडिलांनाही आत बोलवावे व हा प्रश्न त्यांनाही विचारावा. पुष्कळ वडिलांना उत्तर येत नाही. पुढच्या खेपेस ते पाठ करून येतात, हाही आमचा अनुभव आहे.

पालकांना एवढेच कळवावयाचे की, बाळांच्या वजनाचा दिवस मंगळवारच राहील, सकाळी साडेनऊ ते बारा. त्यासाठी केसपेपरचे शुल्क नाही. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणावे. ते गावी राहिले असेल, भिजले असेल, हरवले असेल तरी यावे. आपल्या बाळाची नोंद आमच्या वहीत आहे. मधल्या दोन-चार तारखा चुकल्या असतील तरीही यावे. त्याबद्दल आपणांस कोणी बोलणार नाही.